शून्याखालचा आवाज : ध्वनिमुद्रणातील डेसिबल, गेन आणि फेडर

'डेसिबल' हा शब्द आपल्या कानांवर वर्षातून दोनदा हमखास पडतो. एकदा गणेशोत्सवात आणि पुन्हा यवतमाळच्या दुर्गोत्सवात. वर्तमानपत्रांत बातम्या येतात आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील आकडे छापले जातात : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. तेव्हा डेसिबल हे गोंगाट मोजण्याचे माप आहे आणि आकडा जितका मोठा तितका आवाज मोठा, एवढे आपण सर्वजण जाणतो. परंतु ज्याने ध्वनिमुद्रणाचे यंत्र हाताळले आहे, किंवा संगणकावर आवाज मुद्रित करणारे सॉफ्टवेअर उघडून पाहिले आहे, त्याला तेथे निराळाच प्रकार दिसतो. तेथील आकडे ऋण असतात. उणे ६०, उणे १८, उणे ६. आणि सर्वांत वर, लाल रंगाच्या शेजारी, शून्य. एका ठिकाणी शून्य म्हणजे जवळजवळ नीरव शांतता आणि दुसऱ्या ठिकाणी शून्य म्हणजे आवाजाची कमाल मर्यादा! हा घोळ काय आहे, आणि तो कला शाखेच्या विद्यार्थ्याने का समजून घ्यावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय पदार्थविज्ञानाचा आणि लिहिणारा मराठीचा, हे थोडे विसंगत वाटेल. पण या विषयाकडे मी लोकसाहित्याच्या वाटेनेच आलो. आपला जिल्हा गाण्यांनी समृद्ध आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून भुलाबाईची गाणी सुरू होतात. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील तांड्यांवर होळीला लेंगी रंगते. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या बाजूला कोलाम बांधवांचे पोड आहेत. त्यांची कोलामी ही द्राविड कुळातील भाषा. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात शेजारच्या वर्धा जिल्ह्यात या भाषेचा अभ्यास केला आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथातून शब्द आणि व्याकरण मिळते. पण ती भाषा बोलणाऱ्याचा हेल, गाणाऱ्याचा दम आणि ओळीच्या शेवटी तो जेथे थांबतो ती जागा, हे सारे कागदावर उतरत नाही.

महाराष्ट्रात याचे मोठे उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काही ओव्यांचे १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. लाखभर ओव्या कागदावर उतरविल्यानंतरही या मंडळींना आवाज टिपून ठेवण्याची गरज वाटली, यातच सर्व आले.

आज ध्वनिमुद्रणाचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. आपल्यापैकी अनेकजण प्रकल्पासाठी गाणी मुद्रित करून आणतात. साधन आले, पण त्याचे माप आले नाही, अशी स्थिती आहे. एका परिचिताने माझ्याकडे असेच एक मुद्रण आणून दिले होते. पोडावरील एका वृद्ध स्त्रीचे कोलामी गाणे. आवाज खणखणीत, पण ती वरच्या सुरात गेली की प्रत्येक वेळी आवाज फाटलेला. ऐन त्या ठिकाणी शब्दांची अखेरची अक्षरे ओळखू येईनात. ती बाई आता हयात नाही. तेव्हा त्या ओळी पुन्हा विचारण्याची सोय उरलेली नाही. आवाज फाटला म्हणजे नेमके काय झाले, आणि तो का सांधता येत नाही, हे कळण्यासाठी आधी डेसिबलकडे वळू या.

डेसिबल म्हणजे काय?

किलो, मीटर किंवा लिटर ही जशी मापे आहेत तसे डेसिबल हे माप नाही. ते प्रमाण आहे. एक गोष्ट दुसरीच्या किती पट आहे, एवढेच ते सांगते. १९२०च्या दशकात अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी ते प्रचारात आणले. मैलोगणती तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो, हे त्यांना मोजायचे होते. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून 'बेल', आणि त्याचा दहावा भाग तो 'डेसिबल'.

सरळ पटीत न बोलता हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर आपल्या कानाची झेप फार मोठी आहे म्हणून. अगदी जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कानाला वेदना देणारा आवाज यांच्या हवेतील दाबांत सुमारे दहा लाख पटींचा फरक असतो. एवढे मोठे आकडे घेऊन व्यवहार होत नाही. म्हणून गणितातील लॉगॅरिदमचा आधार घेऊन पटींची बेरीज-वजाबाकी केली. आवाजाची उंची, म्हणजे हवेचा दाब किंवा तारेतील विजेचा दाब, दुप्पट झाला की ६ डेसिबल वाढले असे म्हणावयाचे. चौपट झाला की १२. दहापट झाला की २०. शंभरपट झाला की ४०. आणि दहा लाख पट म्हणजे १२०. एवढे चार-पाच आकडे पाठ केले तरी काम भागते.

मात्र कानाचा हिशेब याहून वेगळा आहे. आवाज 'दुप्पट मोठा झाला' असे आपल्याला साधारण १० डेसिबल वाढल्यावर वाटते. भुलाबाईचे गाणे एक मुलगी म्हणत असेल आणि तिच्या जोडीला तितक्याच आवाजाची दुसरी आली, तर वाढतात केवळ ३ डेसिबल. दहाजणी झाल्या तर १०. म्हणजे दहाजणींचे गाणे एकीच्या गाण्याच्या दसपट नव्हे, जेमतेम दुप्पट मोठे वाटते.

दोन शून्ये

आता दोन शून्यांचा उलगडा सोपा होतो. डेसिबल हे प्रमाण असल्यामुळे 'कोणाच्या मानाने' हे सांगावेच लागते. वर्तमानपत्रातील डेसिबल हवेतील आवाजाचे आहेत. तेथे तुलना माणसाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाशी केलेली असते. त्या आवाजाला शून्य धरले, म्हणून बाकीचे सारे त्याच्या वर. ते शून्य म्हणजे घराची जमीन.

ध्वनिमुद्रण यंत्रातील डेसिबल निराळे. तेथे तुलना यंत्राला लिहिता येणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्याशी असते. त्या आकड्याला शून्य धरले, म्हणून बाकीचे सारे त्याच्या खाली. ते शून्य म्हणजे घराचे छत. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीला किती पाणी आहे असे विचारले तर शेतकरी काठापासून मोजून सांगतो, "बारा हात खाली आहे." यंत्रातील उणे १२ म्हणजे नेमके हेच : काठापासून १२ डेसिबल खाली. आकडा ऋण आहे म्हणून आवाज कमी आहे असे नव्हे; वर किती जागा शिल्लक आहे, ते तो सांगतो. म्हणून 'या पातळीला मुद्रित केलेले गाणे खोलीत किती डेसिबल वाजेल?' या प्रश्नाला यंत्रापाशी उत्तर नसते. ते ऐकणाऱ्याच्या स्पीकरवर अवलंबून आहे.

हे छत पक्के का? अंकीय यंत्र आवाजाची लाट सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजते आणि प्रत्येक मोजमाप आकड्यात लिहून ठेवते. १६ बिटांच्या मुद्रणात या आकड्यांना ६५,५३६ पायऱ्या असतात, २४ बिटांच्या मुद्रणात १,६७,७७,२१६. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबल, या हिशेबाने १६ बिटांना ९६ आणि २४ बिटांना १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो. (यंत्रातील विजेच्या खरखरीमुळे प्रत्यक्षात चांगल्या यंत्राचा पल्ला १२०च्या आसपासच असतो.) शेवटच्या पायरीच्या वर पायरीच नाही. आवाज कितीही मोठा आला तरी यंत्र तोच शेवटचा आकडा लिहीत राहते.

धान्य मोजताना पायलीवर शीग येते आणि वरून हात फिरविला की ती सपाट होते, तसे हे आहे. लाटेचा गोल माथा कापला जातो आणि सपाट होतो. यालाच 'क्लिपिंग' म्हणतात. कापलेल्या माथ्यामुळे मुळात नसलेले कर्कश स्वर आवाजात मिसळतात आणि कानाला तो फाटल्यासारखा लागतो.

जुन्या चुंबकीय फितीवर असे एकदम होत नसे. फीत हळूहळू तृप्त होई आणि आवाज किंचित जाडसर होई. शिवाय फितीला स्वतःची एक 'सूंऽऽ' अशी खरखर असे. तिच्यात गाणे बुडू नये म्हणून जुने ध्वनिमुद्रक काटा शून्याच्या आसपास नाचता ठेवीत. ती सवय त्या यंत्रावर योग्य होती. काट्याचे ते शून्य छत नव्हते. त्याच्यावरही बरीच जागा असे. अंकीय यंत्रावर मात्र शून्यापर्यंत जाणे म्हणजे भिंतीवर डोके आपटणे आहे.

गेन आणि फेडर : दोन दारे

आवाजाचा प्रवास क्रमाने असा असतो. गाणाऱ्याचे तोंड, मायक्रोफोन, मायक्रोफोनचा क्षीण प्रवाह वाढविणारा भाग, त्या प्रवाहाचे आकडे करणारा परिवर्तक, मग फाईल, मग फेडर आणि शेवटी हेडफोन किंवा स्पीकर. प्रवाह वाढविणाऱ्या भागावर जे गोल बटन असते ते 'गेन'. संगणकाच्या पडद्यावर किंवा मिक्सरवर जी वरखाली सरकणारी पट्टी असते ती 'फेडर'. दोन्हींनी आवाज कमी-जास्त होतो, म्हणून दोन्ही एकच असा समज होतो. पण गेन आकडे होण्यापूर्वी आहे आणि फेडर आकडे झाल्यानंतर. सारा फरक या क्रमात आहे.

फेडरवरही शून्य असते. हे तिसरे शून्य! त्याचा अर्थ 'काहीही बदल करू नये' एवढाच. फेडर उणे ६वर नेला की आवाजाची उंची निम्मी होते. अधिक ६वर नेला की दुप्पट. अगदी तळाशी अनंताचे चिन्ह असते, तेथे आवाज बंद. पट्टीवरील आकड्यांची अंतरे सारखी नसतात. शून्याजवळ ऐसपैस आणि तळाशी दाटीवाटी असते, कारण बारीक काम शून्याच्या आसपासच करावे लागते.

आता थोडे गणित करू. फाईलमध्ये गाण्याचे सर्वांत उंच टोक उणे १२वर आहे. फेडर अधिक ६वर ठेवला, तर ते टोक उणे ६वर जाईल. ठीक. दुसऱ्या फाईलमध्ये गेन अधिक राहिल्यामुळे टोके शून्यावर कापली गेली आहेत. फेडर उणे १०वर आणला. टोके उणे १०वर आली, लाल दिवा विझला. पण माथा सपाटच राहिला. लहान पायलीत ओतले म्हणून सांडलेली शीग परत येत नाही. फाटलेला आवाज हळू ऐकू येईल, एवढेच. कापलेले माथे अंदाजाने जोडणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत. एखाद्-दुसरे टोक कापले गेले असेल तर ती बरीच मदत करतात. परंतु जोडलेला भाग अंदाजाचा असतो. वर उल्लेखिलेल्या कोलामी गाण्यावर मी असा प्रयोग केला. कर्कशपणा थोडा कमी झाला, पण शंकेची अक्षरे शंकेचीच राहिली. भाषेच्या अभ्यासात अंदाजाने जोडलेले अक्षर पुरावा म्हणून चालत नाही.

येथे एक शंका निघेल. सॉफ्टवेअरमध्ये एकेका पट्टीवर आवाज शून्याच्या वर गेलेला दिसतो आणि मुख्य फेडर खाली आणला की तो शाबूत परत मिळतो, हे कसे? याचे कारण असे की, आतले गणित बहुधा ३२ बिटांच्या तरंगत्या दशांश पद्धतीने चालते आणि त्या पद्धतीला शून्यावर छत नाही. छत आहे ते दोन दारांना : आत येताना परिवर्तकाला, आणि बाहेर जाताना १६ किंवा २४ बिटांच्या फाईलला. बाहेरचे दार पुन्हा उघडता येते. आतले दार गाणे संपले की बंद झाले. अलीकडे ३२ बिटांची छोटी मुद्रणयंत्रेही मिळू लागली आहेत. त्यांत दोन परिवर्तक जोडीने काम करतात आणि गेनची काळजी बरीच कमी होते. मात्र तेथेही मायक्रोफोनच्या सहनशक्तीपलीकडे आवाज गेला तर तो फाटतोच.

वाढविता येते, वेगळे करता येत नाही

मग गेन कमीच ठेवावा आणि मागाहून फेडरने वाढवावे, हे बरे नाही का? काही अंशी बरे. पण फेडर आंधळा आहे. गाणे वाढवा म्हटले की तो गाण्याबरोबर पंखा, रातकिडे आणि रस्त्यावरची मोटारही तेवढीच वाढवितो. गाणे उणे ४०वर आणि अंगणातील इतर आवाज उणे ६०वर असतील, तर २० डेसिबल वाढविल्यावर ते उणे २० आणि उणे ४०वर जातील. फरक पूर्वीही २० होता, आताही २०च. गेनचेही तसेच. हा फरक वाढविण्याचा सर्वांत सोपा उपाय कोणत्याही बटनात नाही. तो अंतरात आहे.

उघड्या जागेत मायक्रोफोनचे अंतर निम्मे केले की गाण्याचा आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो. आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. घरच्या अंगणात आईकडून एकच ओवी तीनदा म्हणवून घेऊन मी हे पडताळून पाहिले. चार हातांवरून दोन हातांवर आणि दोनांवरून एका हातावर आलो, तेव्हा प्रत्येक वेळी काटा साधारण सहाच्या घरातच वर सरकला आणि मागचे रातकिडे होते तेथेच राहिले. बंद खोलीत भिंतींच्या प्रतिध्वनीमुळे हा हिशेब इतका नेमका लागत नाही.

हे ज्ञान फार जुने आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोनही नव्हता, गेनही नव्हता आणि फेडरही नव्हता. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्यापुढे उभे राहून गावयाचे असे. त्या काळात कर्ण्यापासूनचे अंतर हाच गेन होता. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास आले, तेव्हा कोठे बटने आली.

किती जागा सोडावी?

माझ्या मते, २४ बिटांवर मुद्रण करताना गाण्याची उंच टोके उणे १८ ते उणे १२च्या दरम्यान राहतील असा गेन ठेवावा. याने काही गमावते का? नाही. अंगणात शांतता म्हणतो ती देखील हवेतील ३५-४० डेसिबलची असते. जवळून गाणाऱ्याचा आवाज तिच्यापेक्षा फार तर ३५-४० डेसिबलने मोठा. म्हणजे गाण्याखाली जी तळाची खरखर राहील ती अंगणाची, यंत्राची नव्हे. यंत्राचा तळ त्याहून कितीतरी खोल आहे. मग वरची बारा-पंधरा डेसिबल जागा मोकळी सोडण्यात कंजुषी कशाला?

ही जागा दोन कारणांसाठी लागते. पहिले कारण वाद्याचे. खंजिरीचा पहिला ठोका, लेंगीतील डफाची थाप किंवा टिपरीवर टिपरी, यांचे टोक क्षणभरच टिकते, पण सरासरीपेक्षा फार उंच जाते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची परंपरा आपल्याकडे गावोगावी आहे. तेथे गाणे ऐकून गेन लावला तर खंजिरी कापली जाते. म्हणून कान गाण्याकडे आणि डोळा टोकांकडे ठेवावा.

दुसरे कारण माणसाचे. 'जरा म्हणून दाखवा' म्हटले की आजीबाई संकोचाने, पुटपुटल्यासारखे म्हणते. त्यावर गेन लावावा, तर दोन ओव्यांनी तिला माहेर आठवते आणि आवाज असा चढतो की काटा लाल दिव्यावर जातो. चाचणीतला आवाज हा खरा आवाज नव्हे. जी ओवी जमवायला आपण गेलो ती त्या चढलेल्या आवाजातच असते.

मोबाईलवर मुद्रण करताना आणखी एक सावधगिरी हवी. पुष्कळशा मोबाईलमध्ये गेन आपोआप बदलत राहतो. गाणारी श्वासासाठी थांबली की यंत्र गोंगाट वर ओढते आणि ती पुन्हा गाऊ लागली की तिला खाली दाबते. त्यामुळे आवाज सहसा फाटत नाही हे खरे. पण तिने कोठे हळू म्हटले आणि कोठे जोर दिला, हे हरवते. सोय असेल तर हा स्वयंचलित गेन बंद करावा.

प्रत्यक्ष कामाचा क्रम मी असा ठरविला आहे. आधी पंखा बंद करावयाचा आणि मायक्रोफोन एका हातावर, तोंडाच्या किंचित बाजूला ठेवावयाचा. दोन-तीन गाणी नुसती ऐकावयाची, तीही मुद्रण चालू ठेवून. सर्वांत चढलेल्या ओळीवर गेन लावावयाचा. अर्धा मिनिट कोणीही न बोलता अंगणाचा आवाज घ्यावयाचा. गाणारीची परवानगी, गाव आणि तारीख तिच्याच मुद्रणात बोलून ठेवावयाची. आणि मूळ फाईलला हात न लावता फेडरची सारी करामत तिच्या प्रतीवर करावयाची. जात्यावरची ओवी असेल तर जात्याची घरघर काढून टाकण्याचा मोह धरू नये. ती गोंगाट नाही. ओवीचा ताल तिच्यावरच बसलेला आहे. मायक्रोफोन तोंडाकडे वळवून दोहोंचे प्रमाण नीट राखावे, म्हणजे पुरे.

लोकसाहित्याच्या अभ्यासात आपण पाठभेदांवर पानेच्या पाने लिहितो. पुढील काळात हे पाठभेद मुद्रणे ऐकूनच ठरविले जातील. त्या वेळी ऐकणाऱ्याच्या हाती फेडर असेल, गेन नसेल. तो आपण लावलेला असेल. कोलामी, गोंडी, गोरमाटी आणि आपली वऱ्हाडी यांच्यातील कितीतरी गाणी आज एखाद्या म्हातारीच्याच गळ्यात शिल्लक आहेत. तिच्यासमोर बसताना शून्याखाली थोडी जागा मोकळी सोडणे एवढे तरी आपल्याला सहज करता येण्यासारखे आहे.